साउंड कार्ड, कणीक आणि मागून येणारी पावलं

"मागनं आला लेका, मागनं!" असं मिरजेचा मित्र हेडफोनमधून ओरडला तेव्हा मी समोरच्या दारावर बंदूक रोखून बसलो होतो. पावलं मलाही ऐकू येत होती, अगदी स्पष्ट. फक्त ती समोरून येताहेत याबद्दल माझी खात्री पटलेली होती. पुढच्या क्षणी स्क्रीन लाल झाला आणि मी मेलो. त्या आठवड्यात अशी ती पाचवी-सहावी वेळ असेल.

आम्ही तिघं खेळतो. मी सांगलीत विश्रामबागेत राहतो आणि मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघतो. दुसरा मिरजेत, तिसरा पुण्यात नोकरीला. रात्री दहानंतर पोरंबाळं झोपली की काउंटर-स्ट्राइक २, संगणकावरचा बंदुकींचा खेळ. त्यात मिराज नावाचा एक नकाशा आहे. त्यावर मिरजेच्या माणसाला हरवायचं नाही असा आमच्यात एक जुना, शिळा विनोद आहे. पण तो खरंच हरत नाही. भिंतीपलीकडं कोण कुठल्या बाजूनं चालतंय हे त्याला कळतं आणि मला कळत नाही, एवढाच फरक होता. माझं वय चाळिशीला आलेलं, तेव्हा कान गेले असं म्हणून सोडूनही दिलं असतं. पण माणूस आधी वस्तूला दोष देतो. मी मदरबोर्डवरच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीतच येणाऱ्या, फुकटच्या साउंडला दोष दिला.

त्याला कारण होतं. २००३-०४ साली कॉलेजच्या वाटेवर एक सायबर कॅफे होता. तासाला वीस रुपये, दहा मशीन, सगळ्यांवर काउंटर-स्ट्राइक १.६. त्यातलं मालकाचं स्वतःचं मशीन वेगळं होतं, त्यात साउंड ब्लास्टर लाइव्ह हे आवाजासाठीचं वेगळं कार्ड होतं. मालक जेवायला गेला की त्या खुर्चीवर बसायला मारामारी. त्या मशीनवर बोगद्यात गोळी झाडली की आवाज घुमायचा. मैदानात आलं की घुमणं बंद. बाकीच्या मशीनवर बोगदा काय नि मैदान काय, सगळं एकच. गेमच्या सेटिंगमध्ये दोन चौकोन असायचे, ईएएक्स आणि एथ्रीडी. आमच्या मशीनवर त्यात टिक केली तरी काही व्हायचं नाही. साउंड कार्ड म्हणजे कान, हे तेव्हा डोक्यात जे बसलं ते वीस वर्षं तसंच राहिलं.

म्हणून मुंबईच्या एका दुकानातून जुनं, वापरलेलं, मदरबोर्डच्या खाचेत बसणारं साउंड कार्ड मागवलं. ४,२०० रुपये. घरी "ऑफिसचं सामान आहे" असं सांगितलं. शनिवारी कॅबिनेट उघडून, धूळ झटकून, कार्ड बसवलं, ड्रायव्हर टाकला आणि रात्री खेळायला बसलो.

काय सांगू! आवाज उघडला होता. पावलं कापल्यासारखी वेगळी. तीन रात्री मी त्या कार्डाचं इतकं कौतुक केलं, की पुण्याचा मित्रही घ्यायला निघाला. चौथ्या रात्री त्यानं सहज विचारलं, "हेडसेट कशात घातलायस, हिरव्या पिनेत का काळ्या?"

"पिन कुठली? युएसबी आहे."

पलीकडं शांतता. मग मिरजेचा हसायला लागला तो थांबेना.

युएसबी हेडसेटच्या वायरीत स्वतःचं एक छोटं साउंड कार्ड असतं. संगणक त्याला नुसते आकडे पाठवतो, त्या आकड्यांचा आवाज करणारी चिप हेडसेटमध्येच. म्हणजे माझं ४,२०० चं कार्ड तीन दिवस खाचेत नुसतं बसून होतं. त्यातून एक टिचकीएवढाही आवाज गेलेला नव्हता. आणि मला "कापल्यासारखी पावलं" ऐकू येत होती! पैसे मोजलेत म्हणून कान किती खोटं बोलतात हे त्या रात्री कळलं, आणि इथून पुढं कानांच्या साक्षीवर विश्वास ठेवायचा नाही, वहीत मांडायचं असं ठरवलं. हिशेबनीस माणसाला तेवढंच येतं.

वहीची पद्धत अशी. आम्ही तिघांचाच एक खेळ लावायचा. मी नकाशाच्या मधोमध उभा राहणार, मॉनिटर बंद, माउसला हात नाही. पुण्याचा मित्र चिठ्ठी उचलून माझ्या समोर किंवा मागं जाणार आणि चार पावलं इकडं, चार तिकडं पळणार. मी बोलायचं, पुढं का मागं. मिरजेचा लिहून घेणार. अशी चाळीस वेळा. डावं-उजवं आम्ही पहिल्याच दिवशी सोडून दिलं, कारण त्यात माझी एकही चूक झाली नाही, कुठल्याच यंत्रावर.

युएसबी हेडसेटवर "७.१ सराउंड", म्हणजे चहूबाजूंनी आवाज आल्याचा भास, असं मोठ्या अक्षरात छापलेलं होतं आणि त्याचं ते बटण मी कायम चालू ठेवायचो. त्यावर चाळीसपैकी १७ चुका. नाणं उडवलं असतं तरी वीसच्या आसपासच झाल्या असत्या.

मग साधा दोन शेपट्यांचा वायरवाला हेडफोन आणला आणि नव्या कार्डाच्या मागच्या पिनेत घातला. कार्डाबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचंही एक सराउंड होतं, ते अर्थातच चालू केलं. खेळ विहिरीत उतरून खेळतोय असा आवाज. १९ चुका.

इथं मी जवळजवळ कार्ड परत करायला निघालो होतो. परत घेणार कोण म्हणा. पण पुण्याचा म्हणाला, सगळी सराउंडं बंद कर आणि कर एकदा. हेडसेटचं नाही, कार्डाचं नाही, विंडोजमध्ये २०१७ पासून आलेलं विंडोज सोनिक नाही, काही नाही. नुसता स्टिरिओ. मला ते पटेना. स्टिरिओत दोनच बाजू, डावी आणि उजवी, मग मागचं कसं कळणार? तरी केलं. ९ चुका.

आणि मग, नुसत्या कुतूहलानं, तोच हेडफोन मदरबोर्डच्या फुकटच्या पिनेत घातला. ९ चुका.

वहीतला हा दुसरा ९ बघून मला झोप लागली नाही.

पुढचे काही दिवस वाचण्यात गेले. कळलं ते असं. कॅफेतलं ते कार्ड खरंच काम करायचं, माझी आठवण खोटी नव्हती. साउंड ब्लास्टर लाइव्ह आलं १९९८ मध्ये. त्या काळात संगणकाचा प्रोसेसर गेम चालवण्यातच दमून जायचा, म्हणून आवाजाचं गणित कार्डावरच्या वेगळ्या चिपवर सोपवायचे. ईएएक्स हे क्रिएटिव्ह कंपनीचं, त्याचं काम जागेचा घुमारा देणं. खोली, बोगदा, गुहा. एथ्रीडी हे ऑरियल कंपनीचं, त्याचा भर दिशेवर. त्याच १९९८ मध्ये आलेल्या त्यांच्या व्होर्टेक्स २ या चिपमध्ये भिंतीवरून आवाज कसा आपटून येईल याचाही हिशेब व्हायचा. दोघांत पेटंटवरून कोर्टबाजी झाली, ऑरियल ती जिंकली आणि खर्चानं बुडाली. २००० साली तिची मालमत्ता क्रिएटिव्हनंच विकत घेतली. आमच्याकडं बांधावरून भांडणाऱ्या भावांचं जे होतं तेच.

मग २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं आणि मायक्रोसॉफ्टनं आवाजाची सगळी मांडणी बदलली. गेमनं विंडोजमधल्या डायरेक्टसाउंडमार्फत थेट कार्डाच्या चिपला काम सांगायचं, हा रस्ताच बंद झाला. जुन्या गेमना वळसा घालून नेणारं आल्केमी नावाचं सॉफ्टवेअर क्रिएटिव्हनं काढलं, पण नवे गेम त्या वाटेला फारसे गेले नाहीत. तोवर प्रोसेसरही तगडे झाले होते. आता कुठून पावलं आली, मधे भिंत किती, डाव्या कानाला काय आणि उजव्याला काय, हे सगळं गेम स्वतःच ठरवतो. कार्डाच्या हातात येतात ते तयार दोन प्रवाह. कार्डानं ते फक्त न बिघडवता हेडफोनपर्यंत पोचवायचे. पोस्टमननं पाकीट फोडायचं नाही, एवढंच.

आणि मी काय करत होतो? गेमनं दिशा भरून दिलेले दोन प्रवाह घेऊन त्यावर कार्डाचं सराउंड पुन्हा दिशा भरत होतं. गोडाच्या शिऱ्यात परत साखर. हेडसेटच्या ७.१ चं तर आणखी वेगळं. तिथं तुमच्याभोवती सात काल्पनिक स्पीकर मांडलेले असतात, तेही एकाच पातळीत, कानाच्या उंचीला. आठवा नुसता धमधमीसाठी. वर-खाली नाहीच. न्यूक नावाच्या नकाशात बॉम्ब लावायच्या दोन जागा एकीवर एक आहेत, वरच्या मजल्यावर आणि खालच्या. तिथं मी कायम चुकीच्या मजल्यावर का धावायचो, त्याचं उत्तर इथं मिळालं.

पण दोन कानांना दोन प्रवाह आणि त्यातून मागचं-पुढचं, हे कोडं सुटलेलं नव्हतं. ते गच्चीवर सुटलं.

रविवारी संध्याकाळी मुलाला हाताशी घेतलं. तो दहा वर्षांचा. माझे डोळे ओढणीनं बांधले, मी खुर्चीवर, आणि तो किल्ल्यांचा जुडगा वाजवत माझ्याभोवती अनवाणी फिरणार. बायको जिन्यातून म्हणाली, "अहो, शेजारचे बघतायत." बघू देत. मान मोकळी असताना एकही चूक नाही. मग टाकीवर हनुवटी टेकवून डोकं घट्ट धरलं, आणि जुडगा नाकासमोर वाजला की ढुंगणामागं, वीसपैकी चार वेळा चुकलं. खऱ्या जगात, खऱ्या कानांनी!

डावं-उजवं कळतं ते दोन कानांतल्या फरकावरून, हे लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञानं १९०७ मध्ये मांडलं. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला जरा उशिरा आणि जरा दबून पोचतो. हा उशीर जास्तीत जास्त किती, तर एका मिलिसेकंदाचे सहा-सात दशांश. आता सगळ्यात स्वस्त मदरबोर्डसुद्धा सेकंदाला ४८,००० आकडे वाजवतो, म्हणजे दोन आकड्यांतलं अंतर ०.०२ मिलिसेकंद. एवढ्या बारीक मोजपट्टीवर तो उशीर आरामात मावतो. म्हणूनच डाव्या-उजव्यात कुठलंच यंत्र हरलं नव्हतं. पण आवाज बरोबर समोर असो की बरोबर मागं, दोन्ही कानांपासून सारखाच लांब. फरक शून्य. तिथं कामाला येते ती मान, आपण नकळत ती जरा हलवतो आणि फरक तयार करतो. आणि दुसरं म्हणजे कानाची पाळी आणि तिच्या वळ्या. मागून, समोरून, वरून येणारा आवाज या वळ्यांत वेगवेगळा आपटतो आणि त्याचा रंग बदलतो. गेम नेमका हाच रंग नकली भरतो. बाहुल्याच्या किंवा माणसांच्या कानात माइक ठेवून, चहूबाजूंनी आवाज वाजवून केलेली मोजमापं वापरतात. त्याला एचआरटीएफ म्हणतात. एमआयटीत १९९४ मध्ये केमार नावाच्या पुतळ्याभोवती ७१० जागांवरून अशी मोजमापं घेतली, ती अजून लोक वापरतात. काउंटर-स्ट्राइकमध्ये हे तंत्र आधीच्या आवृत्तीतच, २०१६ च्या अखेरीस आलं. व्हॅलोरंट या तसल्याच दुसऱ्या खेळात २०२१ मध्ये.

वळ्यांचं मला खरं वाटेना, म्हणून खाली येऊन पोळ्यांच्या परातीतून थोडी कणीक घेतली आणि कानाचं भोक मोकळं ठेवून भोवतीच्या सगळ्या वळ्या लिंपून टाकल्या. परत गच्चीवर. परत ओढणी. या वेळी मान घट्ट धरून वीसपैकी नऊ चुका, आणि मुलानं जुडगा डोक्यावर धरला तरी मला तो नाकासमोर वाटायचा. डावं-उजवं मात्र जसंच्या तसं. कणीक काढायला अर्धा तास लागला. त्या दिवशीच्या पोळ्यांना हात लावायला घरात कोणी तयार होईना, तो भाग वेगळा.

हा प्रयोग माझा नाही, हे नंतर समजलं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९८ मध्येच (पुन्हा तेच साल!) लोकांच्या कानाच्या वळ्यांत साचे बसवून पाठवून दिलं होतं. पहिल्या दिवशी त्यांना वर-खालचं काही कळेना. पण साचे तसेच ठेवून रोजचं जगत राहिल्यावर तीन ते सहा आठवड्यांत कळायला लागलं. मेंदूनं नवे कान शिकून घेतले. आणि साचे काढल्यावर जुने कानही लगेच चालू, विसरले नव्हते.

हे वाचलं आणि मिरजेच्या मित्राला फोन लावला.

"तू सेटिंग कधी बदलतोस रे?"

"कसली सेटिंग?"

त्याच्याकडं मोबाइलबरोबर आलेला इअरफोन होता, मदरबोर्डच्या पिनेत घातलेला. गेम घेतल्या दिवसापासून एक बटण हलवलेलं नाही. त्याचं घर सतार-तंबोरे करणाऱ्यांचं. मी म्हटलं, घरातच कान आहे तुमच्या. तर म्हणाला, "कान अब्बांचा. मी मोबाइलचं दुकान चालवतो. पण अब्बा जवारीचा दोरा एकदा जागेवर बसला की त्याला कुणाला हात लावू देत नाहीत." तंबोऱ्याच्या तारेखाली घोडीवर एक सुताचा दोरा असतो. तो केसभर सरकला की तार बंद तरी होते नाहीतर करकरते, आणि जागेवर असला की झंकार सुटतो. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ह्यानं दोन दिवस आम्हाला पेढे खायला ये म्हणून डोकं खाल्लं होतं, गेलो नाही ते गेलोच नाही.

मी मात्र रोज रात्री हरलो की काहीतरी बदलायचो. सोमवारी ७.१, मंगळवारी बास कमी, बुधवारी पावलं मोठी करणारं ते कार्डाचं बटण. ते बटण तर घातकच. लांबची बारीक पावलं ते फुगवून मोठी करतं, म्हणजे ऐकू येतात खरी, पण लांबचा माणूस शेजारी उभा असल्यासारखा वाटतो. अंतराचा अंदाज आपण बराचसा आवाज किती दबलाय यावरून बांधतो, आणि तोच दबलेपणा ते पुसून टाकतं. रोज नवे साचे कानात घालून मी रोज पहिल्या दिवसात होतो.

मग सगळं बंद करून, स्टिरिओ ठेवून, गेममधल्या आवाजाच्या सेटिंगलाही हात न लावता सहा आठवडे काढले. एक सवय मात्र मुद्दाम लावली. पावलं आली आणि शंका वाटली, की माउस जरा डावीकडं-उजवीकडं हलवायचा. गच्चीवर मान जे करत होती, ते इथं माउस करतो. आवाज कुठं सरकतो यावरून मागचं-पुढचं उलगडतं. सहा आठवड्यांनी वही काढली, तसाच मॉनिटर बंद, माउसला हात नाही. ४ चुका. माउस हलवायची मुभा घेतली तर शून्य. यातली किती सुधारणा कानांची आणि किती त्या चाचणीचीच सवय, हे वेगळं काढता येणार नाही, पण मिराजवर आता मी मागून मरत नाही. समोरून मरतो.

कार्डाचं काय झालं ते राहिलंच. ते अगदी फुकट गेलं नाही. हेडफोन मदरबोर्डच्या पुढच्या पिनेत घातला की माउस हलवताना चिर्र असा आवाज यायचा, कारण पुढच्या पिनेची वायर ग्राफिक्स कार्डाच्या अंगावरून जाते. मागच्या पिनेत तो बराच कमी, कार्डात अजिबात नाही. शांतता असली की सगळ्यात बारीक पावलं चिर्रखाली बुडत नाहीत. म्हणजे कोण आलंय हे जरा आधी कळतं, कुठून आलंय हे नाही. जड, जास्त ओहमचे, म्हणजे वाजवायला जास्त जोर लागणारे, स्टुडिओचे हेडफोन असतील तर कार्डाचा जोर उपयोगी पडतो, माझे नाहीत. दिशेसाठी म्हणून कोणी कार्ड घ्यायला निघाला असेल, तर आधी सगळी सराउंडं बंद करून महिनाभर खेळ आणि मग माझंच घेऊन जा, अर्ध्या किमतीत.

चिर्र गेली तरी एक घूं मात्र कार्डातसुद्धा होती. कॅबिनेटला हात लागला की मुंग्या यायच्या आणि घूं बदलायची. शेवटी वायरमनला बोलावलं. त्यानं कॅबिनेटला टेस्टर लावला, तो पेटला. "मालक, अर्थिंग हाय कुठं? तिसरी पिन नुसती शोभेला हाय." घर जुनं, बोर्डापर्यंत हिरवी वायर आलीच नव्हती. परसात खड्डा काढला, पाइप गाडला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, वायर ओढली. खर्च कार्डापेक्षा जास्त झाला. घूं त्या दिवशी गेली ती आजतागायत नाही, आणि मुंग्याही.

जाताना तो सांगून गेला, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडू देऊ नका, पाणी घालत जावा. म्हणून दर रविवारी सकाळी तुळशीनंतर एक बादली तिकडं. परवा शेजारच्या काकूंनी मुलाला विचारलं, बाबांनी तिथं काय लावलंय रे, काही उगवत कसं नाही? तर म्हणाला, "काही लावलं नाही काकू, बाबा गेमला पाणी घालतात."